वीतभर टॅक्सीचं सीटकव्हर

नवरात्र बसलं की गावाहून जनाचा फोन येतो. हॅलो नाही, कसा आहेस नाही. एकदम, "दसरो इलो मां! सीटकव्हर खय?"

मी पण त्याच्यासारखाच. "येतंय ना. दसरा काय पळून चाललाय?" म्हणतो आणि फोन ठेवतो. मग खिडकीजवळचं टेबल मोकळं करायला घेतो. चिमटा, बोथट सुई, पांढरा गोंद, पतंगाचा कागद. माझी बायको सुमन टेबलावरचा आपला निवडायचा लसूण उचलते आणि म्हणते, "लागलं दुकान."

लागलं तर लागलं. घाटकोपरला सातव्या मजल्यावर दर ऑक्टोबरात माझं दुकान लागतं. रेक्झिनचा तागा नाही, शिलाईचं मशीन नाही, हातोडी नाही. गिऱ्हाईक एकच, तेही तळकोकणात बसलेलं. पण ऊन तेच आहे. सकाळी खिडकीच्या कठड्यावर येतं, दुपारी टेबलावर चढतं, आणि मला जुनी घाई सुटते.

लोक या उन्हाला शिव्या घालतात. पावसाळा गेला आणि थंडी आली नाही, मधल्या मध्ये कढईत टाकल्यासारखं होतं म्हणतात. मी कधी शिव्या घातल्या नाहीत. माझं घर या उन्हावर उभं राहिलं. अंधेरीला सीटकव्हरचं दुकान होतं माझं, रस्त्याला लागून, एक शटर. पावसाळाभर टॅक्सीवाले ओली गिऱ्हाइकं बसवायचे. ते पाणी सीटमधल्या काथ्यात मुरायचं आणि गणपती गेले की गाड्यांना असा वास यायचा की मागे बसलेला माणूस बोलायचा बंद व्हायचा. मग दसऱ्याला नवं कव्हर. रेक्झिन फूटपाथवर उन्हात पसरायचं. तापलं की ते नरम पडतं, कणकेसारखं ऐकायला लागतं. तसंच उचलून सीटवर खेचायचं, खाली सुतळीनं आवळायचं. संध्याकाळी गार झालं की आपोआप ताणून बसतं. ढोलकीसारखं. टिचकी मारली की आवाज आला पाहिजे, तर माझ्या दुकानातनं गाडी बाहेर.

हे मला कोणी शिकवलं नाही. शिकवलं असतं तरी मी ऐकलं नसतं. शाळेत चौथीपर्यंत गेलो, तेही मास्तर पाठीमागे लागले तेव्हा. माझं अक्षर वाकडं, पण दाभणाची टीप सरळ. हे लिहितोय तेही माझ्याच हातानं. सुमन सातवी शिकलेली, ती वेलांट्या बघते. वाक्यांना हात लावू देत नाही मी.

एक गोष्ट मात्र आमच्या धंद्यातली सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. टॅक्सीचं जुनं कव्हर आम्ही काढत नव्हतो. त्याच्यावरच नवं चढवायचं. जुन्या कव्हरानं सीटचा आकार धरलेला असतो, ते काढलं तर आतला काथ्या फुगतो आणि ड्रायव्हरला आपलीच सीट परकी लागते. पाठ दुखते म्हणून दुसऱ्या दिवशी दारात हजर. म्हणून वरनंच. कांद्यासारखी सीट. आत आत गेलात तर दरवर्षीचा दसरा सापडेल.

जनाच्या टॅक्सीचे सगळे दसरे माझ्या हातचे. मोजकेच, कारण जुनं पार झिजल्याशिवाय तो नवं घ्यायचा नाही.

जना मूळचा मालवणकडचा. बाप गिरणीत, तो टॅक्सीत. माझ्या दुकानासमोर स्टँड होता, तिथं त्याची काळी-पिवळी उभी असायची, जुन्या घडणीची, गिअर स्टिअरिंगला असलेली, पुढची सीट अख्खी, बाकासारखी. गिऱ्हाईक नसलं की माझ्या दुकानात येऊन माझ्या कामाला नावं ठेवायचा. "कडेची पायपिंग वाकडी मारलंस रे." मी म्हणायचो, "तुझी मान वाकडी आहे, सरळ उभा राहून बघ." तीस वर्षं हेच बोललो असू. दुसरं काही बोलायची गरज पडली नाही.

मग गाडीचं वय भरलं. रस्त्यावर ठेवता येईना. भंगारात जायच्या आदल्या दिवशी मी हट्टानं जाऊन पुढच्या सीटची कव्हरं सोडवून आणली. जना आला नाही बघायला. चहा पितो म्हणाला आणि कोपऱ्यावर पाठ करून उभा राहिला. मी एकेक पदर सोलत होतो. सगळ्यात वरचा पदर कडेनं तपकिरी रेक्झिनचा, मधोमध लाल फुलांच्या मखमलीचा. त्याखाली निळे चौकडे. त्याखाली वाघाचे पट्टे. वाघ त्यानं हौसेनं लावून घेतला होता, त्याची लेक मनीषा तेव्हा शाळेत जायला लागली होती आणि वाघावर बसल्याशिवाय शाळेत जात नव्हती. पदरापदरांत काय काय निघालं. शेंगदाण्याची सालं, केसाचा चाप, बांगडीचा तुकडा. आणि वाळू. ती हातात घेऊन मी कोपऱ्यावर गेलो. त्यानं चिमटीत धरली, चोळली.

"जुहूची," म्हणाला. "रविवारची गिऱ्हाइकां. भिजान येवन बसत. किती शिव्या घातलंय मी तेंका."

आणि कप ठेवून निघून गेला.

तो ऑक्टोबर मला अजून दिसतो तो याच उन्हात. जना गावाला जायचं म्हणत होता. गाडी नाही तर मुंबईत करू काय, म्हणाला. तुळशीचं लग्न झालं की निघायचं ठरलं. आमच्याच रस्त्यावर, पाच इमारती सोडून त्याची खोली. निरोपाचं जेवण झालं तेव्हा मनीषानं, आता ती दोन मुलांची आई, बापाला एक खोकं दिलं. आत टॅक्सी. लोखंडी, वीतभर लांब, काळी-पिवळी. दारं उघडतात, चाकं फिरतात, टपावर कॅरिअरसुद्धा. सगळे बघून खूश झाले. जनानं ड्रायव्हरचं दार नखानं उघडलं. आत डोकावला. आत नुसतं काळं प्लॅस्टिक, साबणाच्या डबीसारखं.

त्यानं दार लावलं. "खेळणां बरां आसा," म्हणाला, आणि नातवाकडे सरकवलं.

मनीषाचं तोंड उतरलं. मी तिथंच बोललो, भरल्या ताटावर, "दे इकडे. महिन्याच्या आत तुला त्याच्यात बसवतो. नाही तुला आपली गाडी वाटली तर आयुष्यात कात्री हातात धरणार नाही."

"हात बघ आधी तुझे," जना म्हणाला. "चहाचा कप धरतंस तर बशी वाजता."

वाजते. अजून वाजते. पण कात्री धरली की वाजत नाही, हे त्याला कुठं माहीत. घरी येताना सुमन म्हणाली, "बोलून मोकळे झालात. जमणार आहे का?" मी म्हटलं, "जमवणार." खरं सांगायचं तर कात्रीचं मला काही नव्हतं. जना हात हलवत गावाला जाईल, तिकडे ओसरीवर बसून राहील आणि कुणी विचारलं तर आपण टॅक्सी चालवायचो हेसुद्धा सांगणार नाही, असं त्या जेवणात त्याच्या तोंडावर मला दिसलं होतं. त्याला खेळणं घेऊन जाऊ द्यायचं नव्हतं.

आधी मी खरं रेक्झिन लावून बघितलं. तीस वर्षं तेच केलं, दुसरं डोक्यात येणार कसं? इवल्या सीटवर खरं रेक्झिन असं दिसलं की जणू म्हशीला शाल घातलीय. जाड. घडीच बसेना. शिवण दोरखंडासारखी. कापड लावलं, तेही तसंच. वस्तू लहान करता येते, कापडाची जाडी लहान करता येत नाही. तेव्हा मला कळलं की कापड लावायचंच नाही. कापडाचं चित्र लावायचं.

इमारतीखाली हेतलबेनचं कलर झेरॉक्स आहे. बाई धंद्याला पक्की आणि तोंडाला त्याहून. मी कव्हरं घेऊन गेलो, तिच्या काचेवर पसरली.

"काका, हे काय? चादर झेरॉक्स करायची?"

"लहान करायची. अठरापट."

तिनं केली. लाल फुलांच्या जागी मुंग्या आल्या. हिशेबानं बरोबर, डोळ्याला चूक. मी म्हटलं, फुलं मोठी कर. ती म्हणाली, मग मापात नाय येणार. मी म्हटलं, मापाचं मी बघतो, तू फुलांचं बघ. मग रंग. खरी मखमल लाल होती, तशीच लाल काढली तर वीतभर गाडीत काळी दिसायला लागली. लहान जागेत रंग गडद होतो. म्हणून फिका, अजून फिका, जवळजवळ गुलाबी, आणि तो आत बसवला की बरोब्बर जनाचा लाल. गुळगुळीत कागद चकाकतो, तो बाद. साधा कागद कोपऱ्यावर फाटतो, तोही बाद. शेवटी मी पतंगाचा कागद नेला.

"मशीनमधे अडकेल काका. वाट लागेल माझ्या मशीनची."

"नाही अडकणार." मी पतंगाच्या कागदाच्या कडा साध्या कागदावर चिकटवून आणल्या होत्या, बाळाला आईच्या पाठीला बांधतात तसं. मशीननं गिळलं, गुरगुरलं, आणि दुसऱ्या तोंडानं बाहेर दिलं. पातळ, मऊ, जुन्या साडीसारखं. गोंदानं भिजवलं तरी रंग सुटला नाही. हेतलबेननं ते उजेडाकडे धरलं.

"झकास झालं हो," म्हणाली, आणि लगेच, "पण परत आणू नका."

दुसऱ्या दिवशी परत नेलं.

थर्माकोल कापून सीट केली. बोथट सुईनं कागदावर शिवणीच्या रेघा दाबल्या, पेन्सिलची शिशाची भुकटी बोटानं त्या रेघांत भरली. सावली पडली की कागदाचं कापड होतं, एवढंच गुपित. पायपिंगला दोरा गोंदात भिजवून ओढला. आरशाखाली लटकायला पोपटी मणी. तो दिवसभराचा गोंदाचा वास, खिडकीतनं येणारं ऊन, सुमनचं मागनं येऊन "जेवा आता" म्हणणं आणि मग तिथंच उभं राहून बघत बसणं. मला वाटतं आयुष्यात मी एवढा खूश नव्हतो. गाडी तयार झाली तेव्हा मी टिचकी मारून बघितली. थर्माकोल काय वाजणार. पण दिसायला अशी, की आत्ता दुकानातनं बाहेर पडली.

तिथंच तर घात झाला.

जनाच्या खोलीत ट्रंका बांधून ठेवलेल्या. मी गाडी त्याच्यासमोर ठेवली आणि हाताची घडी घालून उभा राहिलो. त्यानं चष्मा लावला, दार उघडलं. खूप वेळ बघितलं. फुलांवर बोट फिरवलं.

"काम बरां आसा," म्हणाला. "पण गाडी माझी न्हय."

"काय?"

"कोणाची तरी आसा. माझी न्हय."

मी गाडी उचलली आणि आलो. जिना कसा उतरलो मला आठवत नाही. घरी येऊन सुमनला म्हटलं, "त्याला दिसत नाही नीट. मोतीबिंदू झालाय." ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचीच फुलं, तुमचाच रंग. मग चुकलं कुठं?"

"तूच इस्त्री केलीस कव्हरांना! झेरॉक्सला न्यायच्या आधी. धुतलीस, कडक इस्त्री मारलीस. त्याच्या डोक्याचा तेलाचा डाग होता पाठीला, तो गेला."

"मळकं कापड घेऊन दुकानात जाणार होता का चारचौघांत?" मग सुरी ठेवून तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि दाराकडच्या कोपऱ्याचं भोक कुणी शिवलं?"

मी कव्हर काढून तो कोपरा चाचपला.

भोक होतं. जना रोज दारातनं सरकत आत शिरायचा, तिथं वरचं रेक्झिन घासून गेलं होतं आणि खालचे निळे चौकडे डोकावत होते. हेतलबेनकडे न्यायच्या आधी मी ते शिवलं होतं. रफू केलं होतं, बेमालूम. कुणी सांगितलं नव्हतं. कव्हर हातात आलं, भोक दिसलं, सुई आपोआप चालली. फाटका माल माझ्या हातनं कधी बाहेर गेला नाही. याला मी चूक म्हणणार नाही. हात आहेत माझे, ते तसेच आहेत. पण सुमन हसायला लागली, पदर तोंडाला लावून, आणि मग मला पण आवरेना. दोघांनी मिळून जनाची तीस वर्षं स्वच्छ धुऊन, शिवून, इस्त्री करून ठेवली होती.

त्या दुपारी मी माझी स्वतःची रफू उसवली. धंद्यात पहिल्यांदा. उसवताना बोटांना बरं वाटत नव्हतं, पण मी उसवली. तेलाचा डाग सुमननं खोबरेल चोळून परत पाडला, "घ्या, आणा तुमचा जना," म्हणत. खिडकीकडची बाजू उन्हानं विटलेली होती ती तशीच धरून ठेवली. हेतलबेनला म्हटलं, भोकासकट काढ. ती म्हणाली, "काका, नवं काढलं ते चांगलं नव्हतं?" मी म्हटलं, "चांगलं होतं. जनाचं नव्हतं."

आणि एकच पदर नाही. सगळे काढले. वाघ, चौकडे, फुलं. इवल्या सीटवर मी आधी वाघ चढवला, त्यावर चौकडे, त्यावर फुलं. खालचं कोणाला दिसणार होतं? दिसणार नव्हतंच. पण जनाच्या सीटला खाली वाघ होता, तर याही सीटला खाली वाघ पाहिजे. कोपऱ्यावर भोक पाडलं, त्यातनं निळं डोकावलं. बघितलं, आणि माझं मलाच वाटलं, आली. तरी एक राहिलं होतं. ड्रायव्हर बसतो तिथला खड्डा. तो मी अंगठ्यानं दाबणार, तेवढ्यात हात थांबला. माझा अंगठा कशाला?

गोंद ओला होता तोवरच खड्डा बसणार. वाळला की कागद कडक, मग फाटेल. आणि ऑक्टोबरचं ऊन, गोंद बघता बघता वाळवतं. ज्या उन्हावर मी आयुष्यभर जगलो ते त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या विरुद्ध गेलं. मी सीट स्टीलच्या ताटलीत ठेवली, वर ओला रुमाल धरला, आणि निघालो. सुमन छत्री घेऊन मागे. छत्री माझ्या डोक्यावर नाही, ताटलीवर. रस्त्यातनं आमची वरात. फुलवाली झेंडूच्या ढिगामागनं ओरडली, "काका, प्रसाद कसला? आम्हाला द्या की!" सुमन म्हणाली, "यांचा नवस फेडायचाय." मी रुमालावरची नजर काढली नाही.

जनाच्या दारात पोचलो तेव्हा तो ट्रंकेवर बसला होता.

"परत इलंस?"

"बोलू नको. अंगठा दे."

"सही घेतंस काय?"

"अंगठा दे म्हटलं ना! इथं. ड्रायव्हरच्या बाजूला. दाब."

रुमाल काढला. त्याला आधी कोपरा दिसला, निळे चौकडे. तो वाकला. मग पाठीवरचा तेलाचा डाग दिसला, त्यानं स्वतःच्या डोक्यामागे हात फिरवला. अंगठा सीटवर ठेवला आणि हलकेच दाबला. थर्माकोल कुरकुरला.

"जोरात. एवढासाच बसायचास काय तू? म्हैस कुठला."

त्यानं दाबला. मग थांबून अंगठा जरा उजवीकडे सरकवला. "मी दाराकडे सरकान बसतंय मां," म्हणाला, आणि परत दाबला. बराच वेळ दाबून धरला. खोलीत आम्ही तिघं, आणि उन्हात गोंद वाळत होता. अंगठा उचलला तेव्हा खड्डा बसलेला. त्यात त्याच्या अंगठ्याच्या बारीक रेषासुद्धा उमटल्या होत्या, रेक्झिनला सुरकुत्या पडतात तशा. मी आयुष्यात अशा सुरकुत्या पाडू शकलो नसतो.

सीट गाडीत बसवली, तळाचे स्क्रू त्यानंच पिळले, गॅरेजमध्ये पिळायचा तसे, शेवटी एक झटका देऊन. गाडी जमिनीवर ठेवली. गुडघे धरत खाली बसला, ड्रायव्हरचं दार उघडून आत बघितलं, मग पुढनं हात घालून पलीकडचं दार उघडलं आणि माझ्याकडे वर बघितलं.

"चल, बस," म्हणाला. "खय सोडू तुका?"

सुमन खिडकीकडे तोंड करून छत्री मिटत बसली. आधीच मिटलेली होती.

आता तो गावाला आहे, गाडी देव्हाऱ्याशेजारी. लोक आले की दार उघडून दाखवतो आणि जुहूच्या वाळूपासून सुरू होतो, मनीषा सांगते, चहा थंड होतो तरी थांबत नाही. इकडे माझ्याकडेही अधूनमधून कोणी येतं. बोरिवलीच्या एक बाई आल्या, त्यांच्या नवऱ्याच्या जुन्या गाडीची छोटी प्रत घेऊन. आत तसंच करून द्या म्हणाल्या, आणि फोटो दाखवले, सगळे नव्या गाडीचे, हार घातलेले. मी फोटो बाजूला ठेवले. विचारलं, "फाटली कुठं होती?" बाईंनी फोटो पर्समध्ये ठेवले. मग बसल्या, आणि दुपारभर सांगत होत्या.

यंदाचं कव्हर परवा पाकिटातनं पाठवलं. बदामी, त्यावर बारीक हिरवी नक्षी. जनाला अजिबात आवडणार नाही असं. आज सकाळी फोन आला.

"पोचला. रंग कसलो रे हो? लग्नाचो मांडव वाटता."

"तुझे डोळे गेलेत. चढवलंस का?"

"चढवलंय."

"जुनं काढलं नाहीस ना?"

"माका शिकवतंस? वरसूनच चढवलंय." मागे कोंबडं ओरडत होतं. "दाराकडच्या बाजूक बरोबर बसला रे. खड्डो तसोच दिसता. कागद ताणलो नाय की फाटलो नाय."

"फाटणार कसा," मी म्हटलं. "उजवीकडे तुझ्यापुरती ढील ठेवूनच कापतो मी."